पहिल्या पटावरचे भगवंतराव

भगवंतराव भालकीकरांनी आयुष्यात एकदाच कुणावर डोळे मिटून विश्वास टाकला. तो लग्नाच्या मांडवात, आणि तोसुद्धा होमाचा धूर डोळ्यांत गेला होता म्हणून. हे माझं म्हणणं नाही, त्यांच्या पत्नीचं, मंगलावहिनींचं आहे. मी फक्त चार घरी पोचवतो.

रेल्वेच्या सिकंदराबादच्या कचेरीत भगवंतराव ऑडिटला होते. निवृत्त झाले, निरोप समारंभ झाला, शाल मिळाली (ती खरंच लोकरीची आहे का, हे त्यांनी व्यासपीठावरच एक धागा ओढून पाहिलं), पण ऑडिट काही थांबलं नाही. नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत कुणाकडे नवा कुत्रा आला की हे विचारणार, "आधीचा कुठे गेला?" मी त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तोंडावर भगवंता म्हणतो, कागदावर मान द्यावा लागतो. तरी मी त्यांच्या दारात उभं राहून "सहज आलो" म्हटलं की ते माझ्या खांद्यावरून आधी गल्लीत नजर टाकतात. सहज येणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नाही.

असा माणूस बुद्धिबळात पुढे जाणार नाही तर कशात? समोरच्याने एखादं प्यादं फुकट देऊ केलं तर तुम्ही-आम्ही हरखून जातो. भगवंतराव त्या प्याद्याकडे असे बघतात, जसं काही ते त्यांच्या दारात "सहज आलो" म्हणून उभं आहे. या गुणावर आमच्या मराठी मंडळाच्या संघात ते कित्येक वर्षं पहिल्या पटावर बसत आले.

पहिला पट म्हणजे काय ते सांगतो. हिवाळ्यात शहरातल्या संस्थांची साखळी स्पर्धा असते. बँका, कॉलेजं, औषध कंपन्या आणि एका कोपऱ्यात आमचं मंडळ. दर रविवारी सकाळी नामपल्ली स्टेशनपासून जवळच्या एका सभागृहात सामने. प्रत्येक संघाचे चार गडी, चार पट. पहिल्या पटावर ज्याचा त्याचा सगळ्यात तगडा गडी बसतो. आमच्याकडे पहिल्यावर भगवंतराव, दुसऱ्यावर त्यांचे मेहुणे विनय, म्हणजे मंगलावहिनींचा धाकटा भाऊ. तिसऱ्या-चौथ्याची नावं घेत नाही, त्यांच्या घरचेही घेत नाहीत. मी राखीव. म्हणजे डबे सांभाळायचे आणि बातम्या पसरवायच्या.

नोकरीतले सगळे हुद्दे भगवंतरावांनी कचेरीत ठेवले होते, हा एक तेवढा बरोबर आला होता. मंडळाचा वॉचमन त्यांना "फर्स्ट बोर्ड साब" म्हणून सलाम करायचा. वाचनालयातली पंख्याखालची खुर्ची दुसरं कोणी घेत नसे. साठी उलटलेल्या माणसाला एवढं पुरतं. आणि एवढंही जाईल असं वाटायला लागलं की मग काय होतं, तीच ही हकिकत.

आता आम्हा हैदराबादी मराठी लोकांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. घराबाहेर पडलं की आम्ही शेजाऱ्याशी तेलुगू बोलतो, दुकानदाराशी उर्दू, बँकेत इंग्रजी. मराठी राखून ठेवतो ती चारचौघांत खासगी बोलायला. भाजीवालीच्या तोंडावर "ही वांगी कालची आहेत, चल पुढे" असं खुशाल म्हणायचं आणि तिच्याकडे बघून गोड हसायचं. लिफ्टमध्ये, बसमध्ये, लग्नात जेवणाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या ताटाबद्दल, पोटाबद्दल, सुनेबद्दल मोकळ्या आवाजात बोलायचं. आजोबांच्या काळापासून चाललंय. मराठी ही आमची भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही काय वाटेल ते करतो, पलीकडच्याला काही दिसत नाही अशी आमची खात्री.

मंगलावहिनी या कलेतल्या उस्ताद. दर रविवारी त्या आमच्याबरोबर नामपल्लीला येत. खेळ त्यांना कळत नाही, माणसं कळतात. सामना सुरू होण्याआधी सभागृहाच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घ्यायचो, भगवंतराव आणि विनय त्या दिवशीचा डाव मोठ्याने घोकायचे, आणि वहिनी आजूबाजूच्या टेबलांचा समाचार घ्यायच्या.

या मोसमात विनयने नवीन टूम काढली होती. तो सॉफ्टवेअरवाला, आठवडाभर लॅपटॉपवर बसून दाजींसाठी नवा डाव तयार करायचा. "दाजी, तुमचं ते जुनं इटालियन ओपनिंग आता पोराटोरांना पाठ आहे. हे घ्या. तो घोडा काढणार, तुम्ही उंट इथे आणायचा, मग तो गोंधळणार."

"गोंधळणार कशावरून?"

"कॉम्प्युटर सांगतो."

"कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?"

पहिल्या रविवारी हे चाललं असताना शेजारच्या टेबलावर तेलुगू पेपर उघडून एक गृहस्थ बसले होते. नरसय्या सर. शहरातले नावाजलेले बुद्धिबळाचे मास्तर, निम्म्या संघांत त्यांचे विद्यार्थी. वहिनींनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, यांची मिशी बघा. शाईत बुडवून काढल्यासारखी. आणि भुवया पिठात. यांच्या घरी आरसा अर्धाच आहे की काय?"

मी चहा सांडेपर्यंत हसलो. नरसय्या सरांनी पान उलटलं.

तासाभराने भगवंतराव हरले होते. समोरचं कॉलेजचं पोरगं गोंधळलं नाही. घोडा काढला, उंट आला, आणि आईने शाळेत नेऊन सोडलेलं पोर जसं रोजच्या वाटेने घरी येतं तसं ते पुढच्या चाली खेळत गेलं. पुढच्या रविवारी नवा डाव, नवा गडी, तीच गत. "त्याला सगळं माहीत होतं," बाहेर येऊन भगवंतराव म्हणाले. "मी चाल करायच्या आधी तो उत्तर घेऊन बसला होता."

आणि ऑडिट सुरू झालं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी पंचांना बोलावून समोरच्या गड्याचा चष्मा तपासायला लावला. जाड काचांचा होता, आत काहीतरी बसवलंय म्हणाले. पंचांनी बिचाऱ्याचा चष्मा काढून उजेडात धरला. चष्म्यात चष्म्याखेरीज काही निघालं नाही, मात्र तो गडी तेवढा वेळ आंधळ्यासारखा हवेत चाचपडत बसला होता, आणि तरी जिंकला. त्यानंतरच्या रविवारी संशय खिडकीवर गेला. खिडकीबाहेर एक माणूस सारखा डोकं खाजवत होता. किती वेळा खाजवतो त्यावरून चाल ठरते असं यांचं गणित. निघाला तो सभागृहाचा माळी. हे डाव सोडून माळ्याच्या डोक्याकडे बघत राहिले आणि वजीर घालवून बसले.

मग संशय घरात शिरला. डाव कोण तयार करतो? विनय. हे हरले तर पहिला पट कोणाला मिळणार? विनयला. झालं. विनयच्या गाडीतून नामपल्लीला जाणं बंद, डाव मात्र अजून त्याच्याकडूनच. रविवारी सकाळी पुढे विनयची रिकामी गाडी आणि मागे रिक्षात आम्ही तिघं गुडघे आवळून, अशी वरात निघायची.

"अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो," वहिनी म्हणायच्या.

"म्हणूनच. भाऊबिजेला एवढी भारी साडी कशी काय आणली यंदा?"

"गेल्या वर्षी हलकी आणली तेव्हा तुम्हीच नावं ठेवलीत ना?"

यावर भगवंतराव रिक्षाच्या आरशातून ड्रायव्हरकडे बघत बसायचे.

पुढची पाळी माझी येणार हे मला ठाऊकच होतं. एका संध्याकाळी मला मंडळाच्या जिन्यात गाठून म्हणाले, "तू काल काचिगुड्याला कोणापाशी बसला होतास?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"तोंड उघडून काय काय सांगितलंस?"

मी दुखावलो, खोटं कशाला बोलू. मी बातम्या पसरवतो हे खरं, पण मला बुद्धिबळातलं काही कळत नाही म्हणूनच तर मी राखीव आहे. उंट कुठे गेला हे सांगून मला कोण चहा पाजणार? बातमीलाही दर्जा लागतो.

रविवारमागून रविवार जात होते आणि भगवंतराव हरत होते. आता तर समोरचा गडी हुशार असायचीही गरज उरली नव्हती. पटावर जेमतेम एक नजर, बाकी सगळं लक्ष पेनांवर, बाह्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, आणि शेजारी बसून निवांत जिंकणाऱ्या विनयवर. रात्री जेवताना वहिनींनी आमटीत मीठ जास्त टाकलं तर तेही बोटाने चाखून "हे कोणी सुचवलं?" असं विचारण्यापर्यंत मजल गेली.

शेवटच्या आधीचा सामना हरल्यावर मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव त्यांना बाजूला घेऊन गेले. एकनाथराव मुळात वकील, गोड बोलून दार दाखवण्यात तरबेज. मी बुटाची लेस बांधत तिथेच होतो.

"भगवंतराव, पुढचा रविवार शेवटचा. निदान बरोबरी तरी करा, अर्धा गुण आणा. नाहीतर पुढच्या वर्षी विनयला पहिल्या पटावर बसवावं असं कमिटीचं मत आहे. तुम्ही थकलाही असाल."

हरल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं, तेवढं ते "थकलाही असाल" लागलं. रिक्षात बसले ते मान खाली घालून. हातात पेन नुसतं फिरवत होते. मी माझ्या स्वभावाविरुद्ध गप्प राहिलो, यावरून काय ते समजा.

आबिड्सच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "अहो. त्यांच्या भुवया काळ्या झाल्यात."

"कोणाच्या?"

"त्या नरसय्यांच्या. आज बघितल्या मी नीट. मिशीसारख्याच कुळकुळीत. पहिल्या रविवारी मी बोलले होते, पिठात बुडवल्यात म्हणून. भाऊजी, आठवतं की नाही?"

मला आठवत होतं. अंगावर काटा आला. कारण त्यानंतर प्रत्येक रविवारी तो माणूस आमच्याच शेजारच्या टेबलावर बसला होता, आणि प्रत्येक रविवारी आम्ही सगळा डाव त्याच्या कानापाशी, मोठ्या आवाजात, मराठीत घोकला होता. आणि वहिनी त्याच्याविषयी आणखी काय काय बोलल्या होत्या ते मी इथे लिहीत नाही.

भगवंतरावांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. संशय खरा निघाल्याचं सुख असतं हो, नाकारू नका.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक बसली. मी सहजच गेलो होतो. विनयलाही बोलावलं होतं. त्याच्यावरचा संशय काही पूर्ण उतरला नव्हता, पण भुवयांसमोर तो मागे पडला होता.

"अक्का, काहीतरीच काय," विनय म्हणाला. "भुवया काळ्या केल्या म्हणून माणसाला मराठी येतं? घरी लग्नकार्य असेल."

"लग्नकार्यात मिशी आणि भुवया एकदम रंगवतात. याने भुवया माझ्या बोलण्यानंतर रंगवल्यात."

"बरं, येतं असं धरू. मग आपण उद्या त्याला खोटंच ऐकवू. दाजी, उद्या पांढरी मोहरी तुमच्याकडे. मोठ्याने म्हणायचं वजिरासमोरचं प्यादं सरकवणार, आणि सरकवायचं राजासमोरचं."

"वा!" मी म्हणालो.

"वा काय लेका," भगवंतराव म्हणाले. "गेल्या रविवारी हिने त्याच्या भुवयांकडे टक लावून बघितलं की नाही? त्याला कळलं असेल आपल्याला कळलं. म्हणजे उद्या आपण खोटं बोलणार हे तो धरून चालणार. वजिरासमोरचं म्हटलं की तो राजासमोरच्याची तयारी करून घेणार."

"मग खरं बोला."

"आणि त्याला कळलंच नसेल तर? तर तो खरं ते खरंच धरणार."

"मग खोटं बोला."

"विनयराव, तुम्ही मला नेमकं काय बोलायला लावताय, आणि का?"

विनय उठून पाणी प्यायला आत गेला. तोवर शेवयांची खीर गार झाली होती. ठरलं असं की आधी वहिनींनी त्याची परीक्षा घ्यायची. त्याला मराठी कळतं असं दिसलं तर खोटं बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

रविवारी कँटीनमध्ये नरसय्या सर आपल्या जागी हजर. पेपर तोच, भुवया काळ्याभोर. वहिनींनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघत, पण आवाज त्यांच्या टेबलापर्यंत जाईल अशा बेताने म्हणाल्या, "भाऊजी, त्या समोरच्यांच्या कपात मोठा मुंगळा पडलाय हो. पोहतोय."

आम्ही चौघांनी श्वास रोखला. नरसय्या सरांनी पेपरातून डोळे न काढता कप उचलला, चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"बघा, नाही येत मराठी," विनय कुजबुजला.

"तो बुद्धिबळाचा मास्तर आहे," भगवंतराव म्हणाले. "मुंगळा गिळेल, पण हलणार नाही."

म्हणजे परीक्षेचा निकाल शून्य. सामन्याची वेळ होत आली. विनय खुणेने "बोला, बोला" म्हणत होता, वहिनी मान हलवून "नको, नको" सांगत होत्या. भगवंतरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. एकदा त्या भुवयांकडे बघत, एकदा विनयकडे, एकदा माझ्याकडे, कँटीनवाल्याकडे. इतक्या आठवड्यांचा सगळा संशय एका जागी येऊन अडकला होता, आणि पुढे सरकायला वाटच नव्हती.

आणि ते उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"ऐका," ते सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं मराठीत ओरडले. "मी आज राजासमोरचं प्यादं पुढे घेणार आहे. आणि माझं जुनं इटालियन खेळणार आहे. आयुष्यभर खेळलो तेच. ज्याला ऐकायचं त्याने ऐका, ज्याला सांगायचं त्याने सांगा, मी कंटाळलो!"

काउंटरवरचा पोऱ्या भजी तळायची थांबला. "क्या हुवा साब, चाय में कुछ है क्या?" त्याने घाबरून विचारलं. भगवंतराव निघूनही गेले होते. "दाजी गेले कामातून," विनय म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आणि मी पाहिलं, नरसय्या सर पेपर घडी करून उठले आणि भराभर सभागृहाकडे चालू लागले.

त्या दिवशी समोर होती लहरी, एका औषध कंपनीच्या संघाची पहिल्या पटावरची मुलगी. नरसय्या सरांची लाडकी विद्यार्थिनी, हे शहरात सगळ्यांना ठाऊक. दारापाशी सरांनी तिला दोन शब्द सांगितले आणि ती हसून आत गेली.

भगवंतरावांनी राजासमोरचं प्यादं पुढे घेतलं.

लहरीचं हसू गेलं. तिने प्याद्याकडे बघितलं, मग भगवंतरावांकडे, मग दाराकडे, जिथे नरसय्या सर उभे होते. सर छताकडे बघत होते. पोरगी बराच वेळ विचार करत बसली. पहिल्याच चालीला!

प्रेक्षकांच्या दोरीमागे उभं राहून मी भगवंतरावांकडे बघत होतो. डोळे पटावर. खिडकीत तोच माळी तसंच डोकं खाजवत होता, पण यांनी तिकडे पाहिलं नाही. विनयने शेजारी खोकून बघितलं, तरी नाही. लपवायचं काही उरलं नव्हतं, मग राखण कशाची करणार? घोडा आला, उंट आला, जुन्या ओळखीच्या वाटेने डाव सावकाश पुढे गेला. लहरी तयारीची होती, तिने काही सहज दिलं नाही. मोहरी कमी होत गेली, आणि मला कळतं तेवढ्यावरून दोघांचं सारखंच चाललं होतं.

मग लहरीने वजीर सरकवला आणि म्हणाली, "ड्रॉ, अंकुल?"

बरोबरी! अर्धा गुण, पहिला पट, पंख्याखालची खुर्ची, सगळं त्या एका शब्दात होतं. दोरीमागून एकनाथरावांनी खूश होऊन मान डोलावली. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. आता नुसता हात पुढे करायचा.

भगवंतरावांनी हात पुढे केला नाही. त्यांनी डोळे बारीक केले. तो चेहरा मी ओळखतो. दारात कोणीतरी "सहज आलो" म्हणून उभं होतं.

ही का देते? काही मागितलं नसताना का देते? आत्ताच का, ही चाल केल्यावरच का? ते पटावर वाकले. लहरीच्या चेहऱ्याकडे नाही, दाराकडे नाही, त्या नुकत्याच सरकलेल्या वजिराकडे बघत राहिले. घड्याळ चालत होतं. एकनाथरावांची मान डोलायची थांबली. "अहो, घ्या ना," वहिनी पुटपुटल्या, पण मराठीत असल्यामुळे आता त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

भगवंतरावांनी हत्ती उचलला आणि तिच्या राजापुढे नेऊन ठेवला. फुकट. पोरगी दचकली. राजाने हत्ती मारला, मारावाच लागला. मग घोड्याने एक उडी घेतली. राजाला शह, आणि त्याच उडीत पलीकडे वजीर. राजा हलवावा तर वजीर जातो, आणि राजा हलवल्यावाचून गत्यंतर नाही. लहरीला हे वजीर सरकवल्या क्षणी दिसलं होतं, असं विनयने नंतर मला समजावलं, म्हणून तर बरोबरीचा हात आला होता.

थोड्याच चालींत तिने राजा आडवा केला आणि नीट हात मिळवला. चांगली पोरगी आहे.

बाहेर सगळ्यांनी त्यांना घेरलं. एकनाथराव "मी म्हणतच होतो" म्हणाले. ते नेहमीच म्हणत असतात. विनय जवळ आला. "दाजी, बरोबरी का नाही घेतली? जागा तर राहिलीच असती."

"ती देत होती म्हणून," भगवंतराव म्हणाले.

एवढ्यात गर्दीतून नरसय्या सर आले. पेपरची गुंडाळी काखेत. भगवंतरावांसमोर उभे राहून हसले आणि अस्सल सोलापुरी मराठीत म्हणाले, "काय वो साहेब, एवढं वरडून सांगितल्यावर कोण खरं मानंल? मी पोरीला बोललो, हा माणूस वजिराचंच प्यादं सरकवणार बघ. फसवलात की."

आमची तोंडं उघडीच. वहिनी विनयच्या मागे सरकल्या.

"तुम्ही... मराठी?" मी विचारलं.

"घरी तेलुगू. पण जन्म सोलापूरचा. वडील हातमागावर होते तिथं. मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीत."

भगवंतरावांच्या आतला ऑडिटर जागा झाला. "म्हणजे पहिल्या रविवारपासून तुम्ही आमचं ऐकत होता."

"ऐकत कुठं, तुम्ही ऐकवत होता. कान काय घरी ठेवून येऊ? पहिले दोन रविवार माझीच पोरं होती समोर, सांगितलं त्यांना. कबूल. पण त्यानंतरची पोरं माझी नव्हती वो. त्या चष्मेवाल्याला तर मी ओळखत पण नाही. ते डाव तुम्ही तुमचे तुम्हीच घालवलेत."

"मग दर रविवारी तिथेच का बसत होता?"

नरसय्या सरांनी पेपर एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घेतला. "वहिनींचं ऐकायला," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत सोलापूरला बायका पाण्याला उभ्या राहिल्या की असंच चालायचं. ह्याची मिशी, तिचं नाक. इथं येऊन एवढी वर्षं झाली, कुणी मराठीत माझं उणंदुणं काढलं नाही. बरं वाटायचं."

मग भगवंतरावांनी मला हाताला धरून बाजूला नेलं आणि अगदी कानात म्हणाले, "चष्मेवाल्याला ओळखत नाही म्हणतो. तू जरा काढ माहिती. सहज म्हणून विचार."

मी ती काढतोच आहे. त्यांचा पहिला पट राहिला, पंख्याखालची खुर्ची राहिली, विनयच्या गाडीत ते परत बसतात, पण मागच्या सीटवर, आरशात त्याचा चेहरा दिसेल असे. नरसय्या सर खरं बोलले की अर्धंच, ते मलाही अजून नक्की सांगता येत नाही.

वहिनींचं मात्र तिथेच ठरलं होतं. त्या विनयच्या मागून बाहेर आल्या, पदर नीट केला आणि नरसय्या सरांच्या समोर जाऊन त्यांच्या भुवया अगदी जवळून न्याहाळल्या.

"घरी लावता की दुकानात?"

"घरीच."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "डावी वर गेलीय."